पाच नंबरचं मीटर

"पाच नंबर?" मामंजींनी बाजेवरून विचारलं.

पत्र्याच्या आडोशाला एका लांब फळीवर ओळीनं मीटर ठोकलेली होती. चार नंबरचा आकडा मी मोठ्यानं सांगून टाकला होता. पाच नंबरच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली आणि पुन्हा वाकून बघितलं.

"तेवढाच आहे."

"तेवढाच म्हंजे?"

"मागल्या महिन्यात होता तेवढाच. हललाच नाही."

मामंजी उठून आले. काचेवर टिचकी मारून त्यांनी आतल्या चाकाकडं निरखून बघितलं. चाक गप्प होतं.

"नवं कोरं मीटर हाय," ते म्हणाले. "आन् मास्तर तर म्हयनाभर हितंच हायेत."

लग्न होऊन मी दहिवडीकडच्या त्या माळावर आले, त्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट. नवरा फौजेत. लग्नाची रजा संपली तसा तो पठाणकोटला निघून गेला. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. त्यांचं नाव बळवंत पोळ, पण तालुका त्यांना नाना म्हणायचा. बोलणं तुटक, हिशेब चोख. उसनी आणलेली पाटीभर शेणीसुद्धा मोजून परत करणारा माणूस.

आमच्या त्या माळावर धड बाजरीसुद्धा यायची नाही. माणदेशातला पाऊस म्हणजे कॅलेंडरात लिहिलेला पाऊस. पण त्याच कोरडेपणावर नानांचं बरं चाललं होतं. उन्हाळ्यातल्या जत्रा संपल्या की जत्रेतल्या लोकांना आपलं लाकूड-लोखंड कोरडं ठेवायला जागा लागते. पाळणेवाले, झुकझुकगाडीवाले, आरशांच्या महालवाले, मौतका कुवावाले, सगळे आपापले मालट्रक घेऊन आमच्या माळावर यायचे आणि दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकायचे. ट्रक हेच त्यांचं घर. मागचा फाळका खाली पाडला की ओसरी झाली, बाजूला ताडपत्री ताणली की स्वयंपाकघर झालं. मी आले तेव्हा मला या सगळ्याचं भारी नवल वाटलं होतं. माझ्या माहेरी कराडला उसाची हिरवळ. इथं उघड्या रानात एक ठेंगणं, रंगीत गावच वसलेलं. ट्रकच्या दारावर मोर, सिंह, हातात तिरंगा घेतलेली बाई. लाकडी घोडे मान वर करून धुळीत उभे. आज त्या जागेवर कांद्याची चाळ आहे. पण डोळे मिटले की मला अजून ते घोडेच दिसतात.

जागेचं भाडं नाना घ्यायचे, विहिरीचं पाणी फुकट. कटकट होती ती विजेची. सगळ्या माळाला मिळून एकच मोठं मीटर, नानांच्या नावावर. पूर्वी बल्ब मोजून पैसे घ्यायचे. मग कुणाकडं इस्त्री आली, कुणाकडं तारेची शेगडी, कुणाकडं टीव्ही. बिल फुगत गेलं. आदल्या वर्षी तर झुकझुकगाडीच्या कल्याणप्पाची बायको आणि आरशांच्या महालवाली या दोघींनी, शेगडी कुणाची जास्त जळते यावरून, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या म्हणे. म्हणून नानांनी या वर्षी फलटणहून छोटी मीटर आणली आणि प्रत्येक ट्रकला एक बसवलं. "ज्यानं जाळली त्यानं भरायची. भांडणाचं मूळच गेलं," म्हणाले. मला आकडे वाचता येत होते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

भांडणाचं मूळ गेलं नाही. फक्त फांद्या वेगळ्या फुटल्या. संध्याकाळी बायका आता एकीच्याच बल्बाखाली तांदूळ निवडायला गोळा व्हायच्या, आणि उठताना ती विचारायची, "उद्या तुझ्याकडं ना गं?" कल्याणप्पा तर दिवसातून दोनदा येऊन आपल्या मीटरकडं असा बघायचा, जसा काही तो त्याचा जावई.

आणि या सगळ्यात पाच नंबरचं चाक जागचं हललेलं नव्हतं.

पाच नंबर दस्तगीर मास्तरांचा. मूळचे मिरजेकडचे, पन्नाशी ओलांडलेली, काटक अंगाचे, दाढी मेंदीनं लाल केलेली. मौतका कुवा गुलाबताईचा होता. तिच्या बापानं आणि मास्तरांनी मिळून तो उभा केला होता. बाप गेला तेव्हा गुलाब सतरा-अठरा वर्षांची. मास्तरांनी तिला मोटारसायकल शिकवली, उभ्या भिंतीवर चढवली, आणि आता दोघं मिळून खेळ करायचे. एक गाडी खाली, एक वर, आणि फिरता फिरता एकमेकांना ओलांडून जायचं. लाकडी फळ्यांची ती विहीर थरथरायची आणि वर कठड्याला टेकलेली माणसं किंचाळायची. गुलाबताई त्यांना चाचा म्हणायची. चाचाशिवाय तिला दुसरं माणूस नव्हतं. ती पलीकडच्या ट्रकमध्ये राहायची, मास्तर एकटे आपल्या छोट्या टेम्पोत.

आकडा हलला नाही ही गोष्ट मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. पण कल्याणप्पाला स्वतःचा आकडा वाचून झाला की शेजारच्यांचे वाचायची सवय होती.

"नाना, आम्ही येडे का?" तो भर दुपारी अंगणात येऊन म्हणाला. "आम्ही मोजून जाळायची आणि मास्तरानं तारेवर आकडा टाकायचा?"

आमच्याकडं वीज चोरणं म्हणजे आकडा टाकणं. बांबूच्या टोकाला तारेचा हूक बांधायचा आणि खांबावरच्या तारेवर अडकवायचा. हे कानावर पडलं आणि नानांचा चेहरा कठीण झाला. त्यांच्या माळावर आकडा सापडला असता तर कनेक्शन त्यांचं जाणार होतं, आणि पाठोपाठ सगळे ट्रक.

धोंडी वायरमनला बोलावणं धाडलं. तो आला, टेम्पोवर चढला, खाली वाकला, चाकांच्या मागं बघितलं, ताडपत्री उचलली. सगळा माळ भोवती उभा. मास्तर बाजूला आपल्या जुन्या येझ्दी मोटारसायकलजवळ उकिडवे बसले होते, हातात फडकं.

"आकडा-बिकडा काय न्हाय," धोंडी म्हणाला. "वायर सरळ मीटरवरनंच आलीया. बल्बबी हाय." त्यानं बटण दाबलं. बल्ब भक्कन लागला. मास्तर दाराशी आले होते. त्यांनी झटकन कोपर डोळ्यांवर आडवं धरलं.

"मग म्हयनाभर लावला का न्हाय?" कल्याणप्पानं विचारलं.

"अंधार बरा वाटतो मला," मास्तर म्हणाले. "आयुष्य गेलं दिव्यांच्या झगमगाटात. चार महिने डोळ्यांना आराम."

लोक हसले. कुणीतरी चिक्कू म्हणालं, कुणीतरी फकीर. गुलाबताई मात्र हसली नाही. ती कल्याणप्पापुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या चाचाच्या घराची झडती घेतलीस तू," ती म्हणाली. "ध्यानात ठेवीन मी."

नाना घराकडं वळले. संध्याकाळी त्यांनी मला ताकाचा तांब्या भरायला सांगितला आणि स्वतः जाऊन तो मास्तरांना देऊन आले. नानांकडून माफी मिळाली तर ती अशीच मिळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर निघाले तर मास्तरांच्या टेम्पोत बल्ब जळत होता. लख्ख ऊन पडलं होतं आणि आत पिवळा बल्ब. राहिला असेल चालू, असं मला वाटलं. दुपारी भाकरी थापून बाहेर आले, तरी चालू. तिसऱ्या दिवशी चालू. मास्तर मात्र टेम्पोत बसतच नव्हते. बल्बाकडं पाठ करून बाहेर बाभळीखाली बसायचे आणि बोटांनी चाचपत गाडी पुसायचे. पाच नंबरचं चाक आता रात्रंदिवस फिरत होतं.

मी मनात म्हटलं, म्हातारा रुसला. चोर म्हणालात ना, मग घ्या, जाळतो.

पण तसं नव्हतं. हे मला कळलं ते शेंगांमुळं. मी अंगणापुढच्या वाटेवर पांढरं धोतर अंथरून भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. मास्तर विहिरीकडून बादली घेऊन आले ते सरळ शेंगांवर. पायाखाली करकर झाली तसे थबकले. एक पाऊल मागं घेतलं, तेही शेंगांवरच. मग ते तसेच उभे राहिले, बादली हातात, हुंगत असल्यासारखी मान वर करून. मी चार हातांवर उंबऱ्यात बसले होते. त्यांच्या अगदी तोंडासमोर.

"कोण आहे का इथं?" त्यांनी हळूच विचारलं.



"मी आहे, मास्तर. मालन."

"हां, बेटी. हे... काय सांडलंय का वाटेत?"

मी उठून त्यांच्या हातातली बादली घेतली. जवळून बघितलं तेव्हा दिसलं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती, दूध थंड झाल्यावर धरते तशी. त्यांनी तोंड वळवलं, पण उशीर झाला होता.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

ते दगडावर टेकले.

"दोन जत्रा झाल्या. धुकं पडल्यागत दिसतं. दिवा लागला की तेही नाही, नुसता सगळीकडं चुन्याचा सडा. म्हणून लावत नव्हतो."

"आणि आता लावता?"

"न लावणारा माणूस लोकांच्या डोळ्यात भरतो, बेटी. लावणारा नाही भरत."

"गुलाबताईला ठाऊक आहे?"

"तिला सांगायचं नाही." ते एकदम कडक आवाजात म्हणाले, मग तो आवाज त्यांनाच लागला. "सांगू नकोस, बेटी. भिंत मला पाठ आहे. पंचवीस वर्षं झाली, डोळे कोण वापरतं तिथं? फळीचा आवाज बदलला की कळतं मी कुठं आहे."

"आणि गुलाबताई ओलांडून जाते तेव्हा?"

मास्तरांची बोटं मांडीवर हँडल धरल्यासारखी वळली.

"तिच्या गाडीचा आवाज येतो मला," शेवटी म्हणाले. पण ते त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सुचवलं. आमच्या कराडला शिबिरं व्हायची, माझ्या आत्याचे डोळे त्यातच बरे झाले होते. ऐकून ते हात जोडून उठलेच. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. "आहे ते धुकं पुरे मला," म्हणाले आणि माझ्या हातातून बादली घेऊन, पाय घासत, शेंगा चुकवत निघून गेले.

पुढचे काही दिवस मला जेवण गोड लागलं नाही. गुलाबताई विहिरीवर भेटायची, माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवायला हात द्यायची, हसायची. पुढच्या दातात फट होती तिच्या. एकदा म्हणाली, "तू ये गं पुसेगावच्या जत्रेला. तुझ्यासाठी हात सोडून चालवीन." मी तिच्याकडं बघितलं आणि मला ती फळ्यांची विहीर दिसली, आणि आत एकमेकांच्या मागं सुटलेल्या दोन गाड्या.

त्या संध्याकाळी मी मामंजींना सगळं सांगितलं. ते अंगणात बसून सुतळी वळत होते. सांगून झालं तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

"आनखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नगंस."

"पण मामंजी, गुलाबताईला तरी—"

"बोलू नगंस म्हटलं ना?"

मला राग आला. वाटलं, या माणसाला आकड्यापलीकडं काही दिसत नाही. पाच नंबरचं चाक फिरतंय, पैसे येतायत, झालं.

दसरा आला. माळावर निघायची धांदल उडाली. घोड्यांना नवा रंग लागला, ट्रकला लिंबू-मिरची बांधली गेली, ताडपत्र्या आवळल्या. मी आकडे वाचले, नानांनी प्रत्येकाचा हिशेब चुकता केला. कल्याणप्पानं घासाघीस केली आणि शेवटी दिले. मास्तरांचाही आकडा मी वाचला होता. बल्ब कितीही जाळला तरी एक बल्ब तो. रक्कम अगदी किरकोळ होती.

मास्तर आपली येझ्दी टेम्पोत चढवायला फळी लावत होते. तेवढ्यात नाना आले. त्यांच्या खांद्यावर बैलाचा साखळदंड होता. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो येझ्दीच्या चाकातून ओवला, बाभळीच्या बुंध्याला गुंडाळला आणि कुलूप घातलं.

"बिल ऱ्हायलंय मास्तरांचं," ते म्हणाले. "ते फिटंस्तवर गाडी हितनं हलायची न्हाय."

"किती?" गुलाबताई पुढं आली.

नानांनी जो आकडा सांगितला तो मी वाचलेल्या आकड्याच्या कितीतरी पट होता. तेवढ्या विजेत सगळा माळ वर्षभर उजळला असता.

"एका बल्बाचं?" गुलाबताई ओरडली. "डोकं फिरलं काय तुमचं?"

"रात्रंदिस जाळलाय. सगळ्यांनी बघितलंय."

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, हे काही बरोबर नाही नाना. कल्याणप्पासुद्धा, ज्यानं मास्तरांवर आळ घेतला होता तोच, म्हणाला की एवढं कसं येईल. नानांनी कुणाकडं बघितलं नाही. त्यांनी सरळ मास्तरांकडं बघितलं.

"मास्तर, माज्यावर इस्वास नसंल तर हे मीटर. जावा, तुमच्या डोळ्यांनी आकडा वाचा आन् सांगा ह्या लोकांना. खोटा निघाला तर आत्ताच कुलूप काढतो."

मी तोंडावर पदर घेतला.

मास्तर फळीजवळ गेले. पावलं मोजत गेले असावेत, कारण चुकले नाहीत. पाच नंबरसमोर उभे राहिले. मान वाकवली. काचेवर त्यांचा श्वास उमटलेला मला दिसत होता, इतकं तोंड जवळ नेलं त्यांनी. सगळा माळ थांबला होता. लांब कुठंतरी एका ट्रकचं इंजिन गुरगुरत होतं तेवढंच. मास्तर तसेच वाकून उभे. मग त्यांनी हळूच मान वळवली, नाना ज्या बाजूला उभे होते त्या बाजूला. त्यांना नाना दिसले नसणार. पण मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "नाना बरोबर सांगतायत."

गुलाबताईनं कमरेची थैली सोडली. "मी भरते. घ्या. आणखी लागले तर बांगड्या देते."

"तुज्याकडनं नगं," नाना म्हणाले. "ज्यानं जाळली त्यानं भरायची. मास्तर हितं माज्याकडं काम करून फेडतील. दिवाळीनंतर येतील."

"माझा खेळ? एकटीनं करू?"

"कर."

ती नानांसमोर जाऊन उभी राहिली. "म्हाताऱ्या," ती म्हणाली, "माझ्या बापाच्या जागी मानलं होतं तुला. तुझ्या घरात दिवा लागायचा नाही." आणि ती त्यांच्या पायाशी थुंकली. नाना हलले नाहीत. सुनेसमोर, सगळ्या माळासमोर ते तसेच साखळदंडाशेजारी उभे राहिले.

दुपारपर्यंत ट्रक एकामागून एक निघून गेले. एरवी निघताना सगळे नानांच्या पाया पडायचे. त्या दिवशी कुणी फिरकलं नाही.

माळ रिकामा झाल्यावर नानांनी कुलूप काढलं. साखळदंड गुंडाळला आणि मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"गाडी तुमची," ते म्हणाले. "पर आठवड्यानं तालुक्याला डोळ्याचं शिबीर हाय. म्या नाव घातलंय तुमचं. आन् माजंबी घातलंय. माज्याबी उजव्या डोळ्यात पडदा येतुया. आदी माजा करतील. माजा डोळा गेला तर तुम्ही पळून जावा."

मास्तर हसले की रडले मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी झालं असावं.

मी रात्रीच्या भाकरीचं पीठ मळता मळता मामंजींना विचारलं, "गुलाबताईला खरं सांगितलं असतं तर ती थांबलीच असती की. एवढ्या शिव्या कशाला घेतल्या?"

"ती थांबली असती," ते म्हणाले. "पर जत्रंत बातमी फुटली असती. रायडर आंधळा झाला म्हनल्यावर त्येला कुनी तिकिटाच्या पेटीवर बी बसवत न्हाय. आन् त्यो गडी तोंड दाखवायला ऱ्हायला नसता, कुटं तरी निघून गेला असता. बिल थकलं तर मानसाला लाज वाटत न्हाय, राग येतो. राग परवडला."

शिबिरात आधी नानांचं ऑपरेशन झालं, मग मास्तरांचं. एका शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून, ओळीनं चटया टाकल्या होत्या. दोघं शेजारी शेजारी, हिरव्या पट्ट्या बांधून पडलेले. मी डबा न्यायची आणि दोघांना घास भरवायची. नाना म्हणायचे, "आदी मास्तरांना दे," आणि मास्तर म्हणायचे, "आधी नानांना." मी वैतागून एकदा दोघांच्या तोंडात एकदमच घास कोंबले.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी मास्तरांना जाड भिंगांचा चष्मा लावला. त्यांनी आधी आपले हात बघितले. दोन्ही बाजूंनी, नीट. मग मला बघितलं.

"आवाजावरून मला वाटलं होतं तू उंच असशील," म्हणाले. मग नानांकडं वळले आणि बघतच राहिले. "नाना, तुम्ही एवढे म्हातारे आहात होय? शिव्या खाताना तर चांगले ताठ वाटत होता."

नानांना मी पोटभर हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

मास्तर पुन्हा भिंतीवर चढले नाहीत. त्या भिंगांतून सरळ रेघसुद्धा वाकडी दिसायची. पायरी उतरताना ते पाय हवेत चाचपायचे. हे त्यांना आधी कळलं आणि त्यांनीच आधी बोलून दाखवलं. येझ्दी मात्र विकली नाही. नीट बरं वाटू लागल्यावर ते एसटीनं गुलाबताईकडं गेले, चष्मा लावून. तिथं त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या माळावर निम्मेच ट्रक आले. ज्यांच्या कानावर खरं गेलं ते आले, बाकीच्यांच्या लेखी नाना म्हणजे बिलासाठी गाडीला साखळदंड घालणारा माणूस. कल्याणप्पा तर नंतर कधीच आला नाही. त्याच्या झुकझुकगाडीची शिट्टी मला अजून आठवते. संध्याकाळी तो ती पोरांसाठी उगीचच वाजवायचा. नानांनी कुणाला बोलवायला निरोप धाडला नाही, की स्वतःची बाजू मांडली नाही. हळूहळू माळ रिकामा होत गेला.

पण त्याच्या आधी, ऑपरेशन झालं त्याच वर्षीच्या थंडीत, पुसेगावच्या जत्रेतून गुलाबताईचा निरोप आला. नानांना आणि मालनला घेऊन या. मास्तर स्वतः न्यायला आले होते. नाना म्हणाले, मला कुठं जत्रेत नेता, गुडघे दुखतात. मास्तर म्हणाले, मग खांद्यावर घेतो.

गर्दीतून वाट काढत आम्ही मौतका कुव्याच्या लाकडी जिन्यावर चढलो. इतकी वर्षं त्या लोकांना जागा देऊन नानांनी एकाही खेळाचं कधी तोंड बघितलं नव्हतं. कठडा घट्ट धरून ते खाली वाकले. आत गुलाबताई एकटी, लाल जाकीट घालून, गाडीवर बसलेली. तिनं वर बघितलं नाही. गाडी सुरू झाली. तळाशी दोन फेऱ्या, मग तिरक्या फळ्यांवर, आणि बघता बघता ती उभ्या भिंतीवर आली. सगळी विहीर खडखडायला लागली. नानांनी माझा हात पकडला.

ती वर वर आली, कठड्याच्या अगदी खाली. लोकांनी वाकून नोटा पुढं धरल्या आणि ती हात सोडून फेरीगणिक एकेक नोट ओढत गेली. शेजारच्यानं धरली, तिनं नेली. पलीकडच्यानं धरली, नेली. नानांनी कोपरीच्या खिशातून एक नोट काढली, बोटांत धरली आणि हात आत लांबवला.

ती आली आणि नोट तशीच राहिली. नानांचा हात मागं येऊ लागला. "थांबा," मास्तर त्यांच्या कानाशी ओरडले, "हात काढू नका."

गुलाबताई पुन्हा फिरून आली. या खेपेला तिचं तोंड वर होतं, आणि दातातली फट मला दिसली. वाऱ्यासारखी जाता जाता तिनं नोट सोडून नानांच्या बोटांना हात लावला, आणि तोच हात गाडीवरच आपल्या कपाळाला लावला.